दुःखाच्या घरी मेथीचा वाफा

वाचकांच्या पत्रांत या वेळी एक विषय पुन्हा पुन्हा आला. घरातलं माणूस गेल्यावर कुणी गच्चीवर भाजी लावली, कुणी अंगणात, कुणी गेलेल्याचंच परसू पुढे चालवलं. सगळ्यांचा प्रश्न थोड्याफार फरकानं एकच होता : यानं बरं का वाटतं? म्हणून ही पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझे यजमान गेल्या श्रावणात गेले. शेवटची काही वर्षं ते अंथरुणाला खिळून होते आणि त्यांचं सगळं मीच करत होते. आता गच्चीवर क्रेटमध्ये मेथी, पालक, वांगी लावते. सकाळी तिथे तास-दीड तास गेला की छातीवरचं दडपण उतरतं. मुलगा म्हणतो, मातीत एक जीवाणू असतो, त्यानं मेंदूत आनंदाचं रसायन तयार होतं. नणंद म्हणते, रिकामं मन कशात तरी गुंतलं, बाकी काही नाही. खरं काय? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, मुलाचं वाचन बरोबर आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. त्या जीवाणूचं नाव मायकोबॅक्टेरियम व्हॅके. इंग्लंडमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना हा जीवाणू मृत स्वरूपात, लशीसारखा टोचून पाहिला होता. त्यानं आयुष्य वाढलं नाही, पण रुग्णांना एकूण बरं वाटत असल्याची नोंद झाली. तो धागा धरून ब्रिस्टल विद्यापीठातले ख्रिस्तोफर लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मेंदूतल्या सेरोटोनिन तयार करणाऱ्या काही पेशी या जीवाणूमुळे कामाला लागल्याचं त्यात दिसलं. पण ते उंदीर होते आणि डोस प्रयोगशाळेतला होता. गच्चीवर मेथी खुरपण्याशी त्याची बरोबरी करता येत नाही.

आता नणंदेचं म्हणणं. मन गुंतण्याचाच सगळा महिमा असता, तर पुस्तक वाचूनही तेवढंच बरं वाटायला हवं. नेमकं हेच नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी तपासलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अ‍ॅग्नेस व्हॅन डेन बर्ग आणि मारिएट कस्टर्स यांनी आपापल्या वाफ्यात भाजी-फुलं पिकवणारी ३० माणसं घेतली. आधी त्यांना डोकं तापवणारं एक काम दिलं. मग निम्म्यांना ३० मिनिटं बागकाम आणि निम्म्यांना तेवढाच वेळ घरात बसून वाचन. ताणाचं संप्रेरक, म्हणजे कॉर्टिसॉल, दोन्ही गटांत उतरलं, पण बागेत काम करणाऱ्यांचं जास्त उतरलं. त्यांची मनःस्थितीही पूर्ववत झाली. वाचणाऱ्यांची झाली नाही. हा प्रयोग घटकाभराच्या ताणाचा होता, वियोगाचा नव्हे. तरी नणंदेच्या 'बाकी काही नाही'ला उत्तर म्हणून तो पुरेसा आहे.

तुमच्या बाबतीत मला त्याहून जवळचा वाटतो तो १९७६ मधला एक अमेरिकी अभ्यास. एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमात दोन मजले निवडले. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, 'रोप हवं असेल तर पसंत करा, पाणी तुम्हीच घालायचं.' खोलीची मांडणी, सिनेमाचा दिवस असे बारीकसारीक निर्णयही त्यांच्यावर सोपवले. दुसऱ्या मजल्यावर रोपं नुसती वाटली आणि सांगितलं, 'पाणी परिचारिका घालतील.' रोप दोन्हीकडे होतं. काही आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त हिंडतीफिरती, जास्त बोलकी आणि जास्त खूश आढळली. अभ्यास छोटा होता, त्यावर पुढे टीकाही झाली, त्यामुळे त्याला वेदवाक्य मानू नये. पण तुम्ही जे अनुभवताय, त्याची दिशा त्यात आहे.

यजमानांच्या आजारपणात तुमचा दिवस औषधांच्या वेळांनी, पथ्याच्या जेवणानं आणि कूस बदलून देण्यानं बांधलेला होता. ते गेले आणि एका दिवसात ती सगळी कामं संपली. आपण दुःखाबद्दल बोलताना गेलेल्या माणसाबद्दल बोलतो, हातांच्या या बेकारीबद्दल कुणी बोलत नाही. क्रेटमधल्या पालकाला तुमची मनःस्थिती कळत नाही. उन्हाळ्यात एक दिवस पाणी चुकलं की तो दुपारी माना टाकतो आणि संध्याकाळी पाणी मिळालं की उभा राहतो. पुन्हा कुणाला तरी तुमची गरज लागू लागली आहे आणि त्या गरजेला वेळेचं बंधन आहे. मला वाटतं, बरं वाटण्यातला मोठा वाटा याचा आहे.

प्रश्न : आमच्याकडे मोगरा, गुलाब, अबोली सगळं आहे आणि आईनंच ते वाढवलं. बाबा गेल्यापासून ती त्याकडे ढुंकून बघत नाही. पण भाजीच्या चार कुंड्यांपाशी मात्र तासन्‌तास असते. फुलांपेक्षा भाजी जवळची कशी झाली? – एक वाचक, पुणे

उत्तर : मोगरा गजऱ्यासाठी लावलेला असतो. अबोलीही. ज्या समाजानं नवरा गेलेल्या बाईच्या केसांतलं फूल काढून घेतलं, त्या समाजात वाढलेल्या बाईला त्या ताटव्यापुढे उभं राहून काय वाटत असेल, याचा विचार करा. तुमच्या घरी कुणी तिला काही म्हटलं नसेल. त्या वयाच्या बायकांना ते म्हणावं लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये, आणि त्यानंतर राज्य सरकारनं इतर गावांना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. म्हणजे ही गोष्ट जुनी झालेली नाही. गजरा माळायचा की नाही हे आईवर सोपवा, पण तो तिचाच आहे हे घरातल्यांनी एकदा उघड बोलून दाखवायला हरकत नाही.

भाजीच्या मागे असलं काही लचांड नाही. वांगं सवाष्णीचं नसतं आणि विधवेचंही नसतं.

दुसरं कारण वेळेचं. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात काढायला येते. लाल माठाचंही तसंच. मुळ्याला सहा-सात आठवडे, भेंडीला साधारण दीड महिना. दुःखात असलेल्या माणसाला पुढचं वर्ष दिसत नाही, पण पुढचा गुरुवार दिसू शकतो. आंब्याचं कलम लाव म्हटलं तर ते कुणासाठी, हा प्रश्न आधी उभा राहतो. मेथीच्या बाबतीत तो येत नाही. शिवाय ती बिघडली तर दहा-वीस रुपयांचं बी आणि एक महिना गेला, पुन्हा पेरायची. इतकी स्वस्त चूक आयुष्यात फार थोड्या ठिकाणी करता येते.

प्रश्न : बायकोला जाऊन सहा महिने झाले. निवृत्त आहे, अंगणात दिवसभर काही ना काही लावत असतो. गंमत अशी की त्या वेळात ती आठवतच नाही. आणि हात धुऊन घरात आलो की ते जाणवून अपराधी वाटतं. हे दुःखापासून पळ काढणं आहे का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. आणि हे धीर द्यायचा म्हणून सांगत नाही.

दुःखाच्या 'पाच पायऱ्या' तुम्ही कुठे तरी वाचल्या असतील : नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी त्या १९६९ च्या पुस्तकात मांडल्या, पण मुळात त्या पायऱ्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून सुचलेल्या होत्या. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या. त्यातून असा समज पसरला की दुःख पायरी पायरीनं 'पार' करायचं असतं आणि मधेच हसलात किंवा विसरलात तर काही तरी राहून गेलं.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठातले मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये वेगळी मांडणी केली. वियोगात माणसाला दोन कामं असतात. एक, गेलेल्याकडे तोंड करून करायचं : आठवणं, रडणं, फोटो काढून बसणं. दुसरं, उरलेल्या आयुष्याकडे तोंड करून करायचं : बँकेचे कागद, स्वयंपाक शिकणं, नवा दिनक्रम. निकोप माणूस या दोहोंत ये-जा करतो, कधी कधी एकाच दिवसात कैक वेळा. मधेमधे दोन्हींतून सुटी घेणं हादेखील त्याचाच भाग आहे. एकाच बाजूला कायमचं अडकून पडणं हे काळजीचं लक्षण, मग ती बाजू कुठलीही असो.

तुमचं अंगण म्हणजे ही सुटी आणि घर म्हणजे आठवण, अशी वाटणी सध्या झालेली दिसते. तिच्या आवडीची भाजी लावली असेल तर एखाद्या दिवशी वाफ्यातही ती आठवेल. तेव्हा खुरपं बाजूला ठेवून बसा. पण मुद्दाम आठवायचा प्रयत्न करू नका. विसरलेला तास चोरीचा नसतो.

प्रश्न : वडील वैशाखात गेले. परड्यात ते पडवळ, दुधी, काकडी लावत आणि भात कापल्यावर कडवे वाल. त्यांनी राखून ठेवलेलं बी बाटल्यांमध्ये तसंच आहे, वर त्यांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत. पेरायला हात होत नाही. पेरलं आणि उगवलंच नाही तर? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमची भीती समजते, पण बाटलीत ठेवल्यानं बी वाचत नाही. बी जिवंत असतं, ते मंदपणे श्वास घेतं आणि एक दिवस त्याची शिदोरी संपते. कांद्याचं बी वर्षभरातच उतरतं. भेंडीचं दोनेक वर्षं चालतं. वाल-घेवडा तीनेक वर्षं, वांगी-टोमॅटो आणि पडवळ-दुधीच्या जातीचं बी चार वर्षांपर्यंत. हे सगळं कोरड्या, थंड जागेत. कोकणातल्या पावसाळी दमटपणात त्याहून कमी धरा.

म्हणून असं करा. प्रत्येक बाटलीतलं निम्मं बी बाजूला काढून ठेवा, त्याला हात लावू नका. उरलेल्यातले दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, उबदार जागी ठेवा. फडकं ओलं राहील एवढं पाहा, पाण्यात बुडवू नका. वालाला आठवडाभर पुरे, दुधी-पडवळाला दहा-बारा दिवस द्या. दहातले सात-आठ फुटले तर बी उत्तम. तीन-चारच फुटले तर दाट पेरा आणि याच हंगामात पेरा, कारण पुढच्या वर्षी तेही फुटणार नाहीत.

पहिला वेल धरला की सगळी फळं खाऊ नका. वेलावरची दोन चांगली फळं पार पिकेपर्यंत ठेवा आणि त्यांचं बी धरा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती अशाच कामासाठी. गावरान वाण त्यांनी टिकवले ते दरवर्षी पेरून, काढून आणि लोकांना वाटून. वडिलांनीही हेच केलं असणार; त्या बाटलीतलं बी त्यांनी विकत आणलेलं नाही, मागच्या हंगामातून काढलेलं आहे. चिठ्ठ्या जपून ठेवा. पण नवं बी भराल त्या बाटलीवर तुमच्या अक्षरात लिहा.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात सामाजिक काम करते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नींसाठी परसबागेचा उपक्रम घ्या, त्यांना मनाला उभारी मिळेल, असं आम्हाला सुचवलं गेलंय. तुमचं मत?

उत्तर : परसबाग जरूर करा, पण आधी प्रत्येकीकडे सात-बारा मागा.

वरच्या पत्रांतली माणसं पेन्शन किंवा घरातल्या कुणाच्या पगारावर निश्चिंत आहेत, म्हणून त्यांना भाजीत विसावा सापडतो. जिच्या डोक्यावर सावकार आहे आणि जमीन अजून सासऱ्याच्या किंवा गेलेल्या नवऱ्याच्या नावावर आहे, तिला उभारी हवीच असते, पण ती मेथीच्या बियाण्यातून यायची नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसानं तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचं असतं. ती मुदत टळली असेल तरी वारस नोंदीचा अर्ज करता येतो. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी पहिल्या वर्गाची वारस आहे. नवऱ्याच्या मिळकतीत मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीचा तिचा हिस्सा असतो. विदर्भ-मराठवाड्यात महिला किसान अधिकार मंच, म्हणजे 'मकाम', याच प्रश्नांवर काम करतो. त्यांच्याशी बोला.

त्यानंतर बाग. तीही कुणी तरी आखून दिलेली नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनाच्या कामातून 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था उभी राहिली. पुढे मराठवाड्यातल्या दुष्काळात तिनं बायकांना एक गोष्ट सुचवली : घरच्यांकडून एक एकर मागून घ्या आणि त्यात काय पेरायचं ते तुम्ही ठरवा. बायकांनी ऊस-सोयाबीनच्या जागी भाज्या, डाळी, धान्य घेतलं. ताटात विकतचं कमी झालं आणि उरलेलं बाजारात गेलं. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्यातला कळीचा मुद्दा निर्णयाचा आहे. वृद्धाश्रमाच्या दोन मजल्यांवरही फरक पडला तो ठरवायचं कुणी आणि पाणी घालायचं कुणी, यामुळेच. तुमच्या उपक्रमात बियाण्याची पाकिटं वाटण्याआधी कुठलं बी हवं ते विचारा.

प्रश्न : तरुण मुलगा अपघातात गेला. सगळे म्हणतात, काही तरी कर, झाडं लाव. सकाळी उठवत नाही तर झाडं कुठून लावू? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, मग आत्ता लावू नका. बाग हे कर्तव्य झालं की ती आणखी एक न झालेलं काम होऊन बसते.

कधी तरी वाटलंच, तर स्वयंपाकघरातले मूठभर मेथीदाणे रात्री भिजवा आणि सकाळी एका पसरट कुंडीत किंवा जुन्या घमेल्यात टाका. तळाला भोकं हवीत. माती निम्मी, निम्मं शेणखत किंवा वाळलेला पालापाचोळा. वर बोटाच्या पेराएवढीही माती नको, नुसती भुरभुरवा. चार-पाच तासांचं ऊन पुरे. पाणी झारीनं किंवा हातानं शिंपडा. एवढंच. टोमॅटो, फ्लॉवर यांच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका, त्यांच्यावर रोग-किडी फार. मधुमेह असेल तर अनवाणी आणि उघड्या हातांनी मातीत काम करू नका, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली ते डॉक्टरांना विचारा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. दुःख हा आजार नव्हे. पण ते महिनोन्‌महिने तसूभर हलत नसेल, खाणंपिणं, झोप, रोजचं जगणं ठप्प असेल, तर त्याला उपचार आहेत. लांबलेल्या शोकाला जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या आजारांच्या यादीत स्वतंत्र जागा दिली आहे आणि तिथे किमान सहा महिन्यांची मर्यादा धरली आहे. मात्र 'आपणही नसावं' असं मनात आलं तर सहा महिने सोडा, सहा तासही थांबू नका. सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. तुम्हाला फोन लावणं जमणार नसेल, तर हे पान घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या. या कामात भाजीचा उपयोग नाही. तिथे माणूसच लागतं.

प्रश्न : माझा उलटाच प्रश्न. भाजी इतकी येते की एकटीला संपत नाही. शेजारी द्यायला गेलं की दार उघडणारा चेहरा पडतो आणि 'कशा आहात हो?' सुरू होतं. त्यापेक्षा वाया गेलेली बरी वाटते. काय करू? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तरीही द्या. त्याला कारण आहे.

घरात मृत्यू झाला की आपल्याकडे चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, भावकीतले पिठलं-भाकरी आणतात, भात आणतात. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. ही रीत फार शहाणी आहे, पण तिच्यातून एक गोष्ट नकळत घडते : त्या घरातलं माणूस 'घेणारं' होतं. अन्न घ्या, सांत्वन घ्या, सल्ला घ्या. तेरावा उरकतो, लोक आपापल्या घरी जातात, पण त्यांच्या नजरेत तुम्ही घेणाऱ्याच राहता. दारात पडणारा चेहरा तो हाच.

अमेरिकेत स्टेफनी ब्राउन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये जोडीदार गमावलेल्या वृद्धांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना या वियोगाचा फटका जास्त बसला होता, त्यांच्यापैकी जे इतरांची काही ना काही कामं करत राहिले, त्यांची खिन्नता सहा ते अठरा महिन्यांच्या काळात जास्त वेगानं उतरली. मला यात नवल वाटत नाही. भाजीची जुडी हातात असली की दारात उभी असलेली बाई दुःखी बाई म्हणून आलेली नसते, ती काही द्यायला आलेली असते. आणि आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही. चार दिवसांत त्या डब्यातून लोणचं, नाही तर चार लाडू येतील. ही देवाणघेवाण बरोबरीची असते.

सुरुवातीला इमारतीतल्या पाच घरांना वाटत सुटू नका. जिच्याशी बोलायला बरं वाटतं असं एकच दार निवडा. आणि मेथी न निवडता न्या. निवडायला दोघी बसलात तर 'कशा आहात?'चं उत्तर लगेच द्यावं लागणार नाही, जुडी संपेपर्यंत वेळ असेल.